गाडीतली कॉफी रोज वेगळी का लागते? पावडर बदलण्याआधी पाणी तपासा

घरी धुळ्यात सकाळी जी कॉफी सुरेख होते, तीच पावडर आणि तोच फिल्टर घेऊन गाडीत केली की मचूळ लागते. एका मुक्कामी बरी होते, दुसऱ्या मुक्कामी कडू, तिसऱ्या ठिकाणी अर्धा कप तसाच राहतो. मोटारहोम, म्हणजे आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणाऱ्या बऱ्याच जणांकडून मी ही तक्रार ऐकली आहे. आमच्या गाडीत तर ती सलग दोन हिवाळे होती. त्या दोन वर्षांत मी तीन दुकानांची पावडर बदलली, नवा पितळी फिल्टर घेतला, मोका पॉट (वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं) आणला, हाताने फिरवायचं ग्राइंडरही आणलं. फरक पडला नाही, कारण आम्ही बिघाड शोधत होतो डब्यात आणि तो होता टाकीत.

उलगडा झाला अमळनेरजवळच्या एका मळ्यात. मालकाला विचारून गाडी रात्री निंबाच्या झाडाखाली लावली होती. सकाळी टाकीत पाणी नव्हतं, म्हणून विहिरीवरून दोन कॅन भरून आणले. गोठ्यातून येणाऱ्या आजींनी कॅन बघितले आणि म्हणाल्या, "भाऊ, या पानीमा डाय शिजत नही." म्हणजे या पाण्यात डाळ शिजत नाही. वरणाचं पाणी त्या गावातल्या नळावरून आणतात, विहिरीचं गुरांना आणि धुण्याला. मी हो हो म्हणालो आणि कॉफी त्याच पाण्याची केली. ती तशीच झाली, मचूळ. पण बायको कोरा चहा पिते, तिच्या कपाकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. चहावर पातळ, चकाकणारा तवंग आला होता. चमचा फिरवला की त्याचे तुकडे व्हायचे आणि पुन्हा कडेला चिकटायचे. त्यात लिंबू पिळलं तर तवंग नाहीसा झाला आणि चहाचा रंगही उजळला.

डाळ न शिजणं, चहावरचा तवंग आणि मचूळ कॉफी या तिन्हींच्या मागे एकच कारण आहे, जड पाणी. आपल्याकडची बहुतेक जमीन बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची आहे. त्यातून झिरपलेल्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार असतात. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं म्हणून डाळ मऊ होत नाही. कॉफीत त्रास देतं ते बायकार्बोनेट. चांगल्या कॉफीचा जो हलका आंबूसपणा जिभेच्या कडांना जाणवतो, तो तिच्यातल्या आम्लांमुळे असतो आणि बायकार्बोनेट ती आम्लं मारून टाकतं. मग उरतो नुसता कडवटपणा आणि खडूसारखी चव. आपल्याला वाटतं पावडर शिळी आहे, आपण आणखी एक चमचा टाकतो आणि कडूपणा वाढतो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. लोक म्हणतात, पाणी तर चांगलं आहे, सगळं गाव पितं. पितंही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या घन पदार्थांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. कॉफीचा धंदा करणारे लोक मात्र १५० च्या आसपासचं पाणी धरतात. म्हणजे पिण्याच्या दृष्टीने निर्दोष असलेलं पाणीसुद्धा कॉफीची चव बिघडवू शकतं. त्यात कोणाच्या गावाला नावं ठेवण्यासारखं काही नाही.

आधी तीन पेल्यांची चाचणी

कोणताही खर्च करण्याआधी एवढं एकदा कराच. तीन पेले घ्या, प्रत्येकात एकाच डब्यातली एकसारखी दोन चमचे पावडर घाला. पहिल्यात बाटलीबंद पाणी उकळून ओता, दुसऱ्यात मुक्कामाच्या गावचं ताजं पाणी, तिसऱ्यात तुमच्या गाडीच्या टाकीतलं. चार मिनिटं थांबा, वरचा चोथा चमच्याने काढा आणि दूध-साखर न घालता, कोमट झाल्यावर चाखा. गरम असताना दोष लपतो.

तिन्ही वाईट लागले तर पावडर शिळी आहे, पाण्याचा संबंध नाही. पहिला चांगला आणि बाकी दोन्ही मचूळ, तर पाणी जड आहे. पहिले दोन्ही ठीक आणि फक्त तिसरा वाईट, तर तुमची टाकी किंवा नळी खराब आहे. आमच्या गाडीत पाणी आणि टाकी दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या, म्हणूनच इतका वेळ गेला. एक सुधारली की दुसरी राहायची आणि वाटायचं काहीच उपयोग झाला नाही.

ही चाचणी चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) नसलेल्या पावडरीवर करा. चिकोरीचा गोडसर दाटपणा पाण्याचा दोष बराच झाकतो. चाळीस टक्के चिकोरीची पावडर वापरणाऱ्यांना पाण्याचा फरक कित्येकदा कळतच नाही, आणि त्यांना ती कॉफी आवडत असेल तर त्यांनी काहीच बदलायची गरज नाही.

टीडीएस मीटर आम्हीही घेतला. उपयोगी आहे, पण तो फक्त एकूण किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. मचूळ पाणी आणि खारट पाणी वेगळं. साबणाला फेस येतो का, डाळ शिजते का, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो का, हे मुक्कामी कोणालाही विचारता येतं आणि पहिल्या कपाआधीच पाण्याचा अंदाज येतो. मी आता गाडी लावली की आधी हेच विचारतो.

मचूळ पाण्यावर उपाय

बायकार्बोनेटचं पाणी उकळून बरंच सुधारतं. पाच-सात मिनिटं चांगलं खळखळ उकळू द्यायचं, झाकून निवू द्यायचं आणि तळाला बसलेला गाळ न हलवता वरचं पाणी हळूच ओतून घ्यायचं. मी हे रात्री जेवणानंतर करतो, सकाळी तेच पाणी परत तापवतो. पातेल्याच्या तळाला बोट फिरवलं की पिठासारखं पांढरं लागतं, ते कॅल्शियम कार्बोनेट. एरवी ते कॉफीत उतरलं असतं. पण पाणी चवीला खारट असेल तर हा उपाय करू नका. मीठ उकळून खाली बसत नाही, उलट वाफ गेल्यामुळे पाणी आणखी खारट होतं.

दुसरा मार्ग म्हणजे जार. गावोगावी आता आरओचे प्लँट आणि वॉटर एटीएम आहेत, वीस लिटरचा जार सहज मिळतो. अडचण अशी की आरओचं पाणी फारच रिकामं असतं आणि कॉफी पोकळ लागते, चव येते पण अंग नसतं. म्हणून मी मिसळतो. आरओचं पाणी ४० टीडीएसचं आणि विहिरीचं ६०० चं असेल, तर चार लिटरला एक लिटर घातलं की सगळं मिळून साधारण १५२ होतं. हिशेब सोपा आहे, प्रत्येक पाण्याचे लिटर गुणिले टीडीएस, त्यांची बेरीज, भागिले एकूण लिटर. विहिरीचं पाणी पिण्याजोगं असेल तरच मिसळायचं, आणि तेही आधी उकळून घ्यायचं. उकळून गाळ बसवलेलं असेल तर मीटर निवलेल्या पाण्यात पुन्हा लावा, आकडा खाली आलेला असतो.

कॉफीचा जार आमच्याकडे वेगळा आहे, पाच लिटरचा. दोन माणसांना दोन दिवस आरामात पुरतो. भांडी, अंघोळ, हात धुणं सगळं टाकीच्या पाण्यावर. एवढ्या एका बदलाने आमच्या तक्रारीतला मोठा भाग संपला.

किटली आणि पातेल्यातला जुना थर काढायला लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळा, वीस मिनिटं ठेवा, दोनदा विसळा. थर घासून काढायच्या भानगडीत पडू नका, स्टीलवर ओरखडे उठतात आणि पुढचा थर त्यात आणखी घट्ट धरतो.

टाकीचा वास

आमची टाकी बाकाखाली आहे, ऐंशी लिटरची, प्लास्टिकची. गाडी बांधून देणाऱ्यांनी तिला बसवलेली नळी बागेतल्या नळीच्या जातीची होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. उन्हात गाडी उभी राहिली की त्या नळीतलं पाणी तापायचं आणि त्याला रबराचा वास यायचा. नुसतं पाणी प्यायलं तर जेमतेम जाणवायचा. कॉफीत तोच वास उठून दिसायचा, कारण गरम पेल्यावर नाक आधी पोहोचतं. खाद्य दर्जाची नळी टाकली आणि वास गेला. ती बदलेपर्यंत पहिलं लिटरभर पाणी सोडून देत होतो, तेवढ्यानेही बराच फरक पडायचा.

टाकी आतून बुळबुळीत लागत असेल तर ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन, तीन-चार वेळा साध्या पाण्याने भरून रिकामी करा. क्लोरिनचा वास राहिला असेल तोवर त्या पाण्याची कॉफी करू नका. पाणी उघड्या पातेल्यात उकळलं की तो वास उडून जातो.

गाडी उतारावर आणि डिकॉक्शन पातळ

ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रकाशा या गावी तापीच्या काठी आम्ही मुक्काम केला होता. जागा छान, समोर नदी, पण गाडी नदीकडे किंचित उतरती. पाणी जारचं, पावडर ताजी, सगळं व्यवस्थित. तरीही डिकॉक्शन, म्हणजे दोन भांड्यांच्या फिल्टरमधून खाली उतरणारा कॉफीचा अर्क, रंगाला फिकं आणि चवीला कडू. हे दोन्ही एकत्र यायला नको. पातळ असेल तर निदान कडू नसावं.

फिल्टरचं वरचं भांडं ताटलीत उपडं केलं तेव्हा चोथ्याची वडी अख्खी बाहेर आली आणि गोष्ट डोळ्यांसमोर दिसली. वडीची एक बाजू काळीभोर, चिखलासारखी. दुसऱ्या बाजूची पावडर तपकिरी आणि मधोमध अक्षरशः कोरडी, बोटाने दाबली तर भुगा झाला. गाडी कलती म्हणजे ओटा कलता, ओटा कलता म्हणजे फिल्टर कलता. पाणी मात्र आपली पातळी सोडत नाही. ते खालच्या बाजूला खोल साचलं आणि सगळं तिथूनच उतरलं. तिथल्या पावडरीतून कडूपणासकट सगळं निघालं, वरच्या बाजूच्या पावडरीतून काहीच निघालं नाही. अर्धी पावडर वाया आणि अर्धी गरजेपेक्षा जास्त पिळलेली.

चाकाखाली ठोकळे ठेवून गाडी सपाट करता येते, आणि रात्री झोपायलाही ते बरं. पण कॉफीसाठी तेवढं करायची गरज नाही, फिल्टर सपाट झाला की पुरे. गवंड्याच्या सामानात मिळते तशी बोटभर लांबीची पाणसळ आणली आहे. ती फिल्टरच्या झाकणावर ठेवायची, बुडबुडा मध्ये येईपर्यंत खाली वर्तमानपत्राच्या घड्या सरकवायच्या, मग झाकण काढून पाणी ओतायचं. पाणी एकदम ओतू नये. आधी पावडर भिजेल एवढंच, अर्धा मिनिट थांबून बाकीचं. आमच्या दोन कपांच्या फिल्टरला वीस-बावीस ग्रॅम पावडर आणि दीडशे मिलिलिटर पाणी लागतं.

गाडी चालू असताना फिल्टर लावून ठेवायचा मोह होतो, पोहोचेपर्यंत डिकॉक्शन तयार असेल म्हणून. नका लावू. हादऱ्यांनी पावडर दाबली जाते, बारीक कण खाली सरकून भोकं तुंबतात आणि तासाभराने उघडून बघावं तर पाणी वरच साचलेलं. चिकोरी जास्त असेल तर हे आणखी लवकर होतं, कारण ती भिजून मऊ होते.

हादऱ्यांचा परिणाम डब्यावरही होतो. धान्य मोजताना पायली हलवून भरली की जास्त मावतं, तसंच दिवसभर आदळलेल्या डब्यातला एक चमचा घरच्या एका चमच्यापेक्षा वजनाला जास्त भरतो. खराब रस्त्यावरून आल्यावर त्या रात्री कॉफी कडक का होते याचं उत्तर यात आहे. डबा उलटसुलट करून पावडर मोकळी करा, मग चमचा घाला. छोटा वजनकाटा असेल तर प्रश्नच मिटला.

तोरणमाळला पाणी कमी तापतं, पण दोष त्याचा नसतो

तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदू दर तीनशे मीटरला साधारण एक अंशाने उतरतो, म्हणजे तिथे पाणी ९६ अंशांच्या जवळपास उकळतं. सातपायरी घाट चढून गेल्यावर कॉफी बिघडली की लोक हे कारण सांगतात. मलाही पटलं होतं. पण कॉफीला पाणी लागतंच मुळी ९० ते ९६ अंशांचं. खाली धुळ्यात उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबावं लागतं, वर थांबायचं नाही, उकळतं पाणी थेट ओतायचं. एवढाच फरक.

खरी चूक थंडीतली होती. डिसेंबरच्या पहाटे यशवंत तलावाजवळ गाडीतलं स्टील हाताला चटका द्यावा इतकं गार असतं. त्या फिल्टरमध्ये पाणी ओतलं की पहिल्या क्षणालाच त्याची उष्णता भांड्यात जाते आणि पावडरीला मिळतं कोमट पाणी. कॉफी आंबट आणि पातळ होते. फिल्टरची दोन्ही भांडी गरम पाण्याने विसळून, पुसून, मग पावडर घाला. कपही तसेच तापवा. मोका पॉट वापरणाऱ्यांनी खालच्या भांड्यात आधीच तापवलेलं पाणी घालावं, व्हॉल्व्हच्या खालीच ठेवावं, पावडर दाबू नये आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवावं. मोका पॉटची कॉफी जळकट लागते ती बहुतेक वेळा शेवटच्या त्या अर्ध्या मिनिटामुळे.

गॅस आणि वीज

विजेच्या किटलीचा नाद आम्ही सोडला. एक लिटर पाणी उकळायला ऊर्जा फार लागत नाही, पण १२०० वॅटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे शंभर अँपिअरच्या वर ओढते. जुन्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यात खाली येतो, इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो, आणि अर्धवट तापलेल्या पाण्याची कॉफी कोणी करू नये. लिथियमची बॅटरी आणि जाड वायर असेल तर गोष्ट वेगळी.

गॅसला वाऱ्याचा आडोसा हवा. साक्रीच्या बाजूला ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, त्यावरून तिकडच्या वाऱ्याची कल्पना यावी. पण वारा येतो म्हणून गाडीची सगळी दारं-खिडक्या लावून आत शेगडी पेटवू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड असल्याने खाली फरशीवर साचतो, म्हणून फरशीजवळची हवेची झडप आणि वरची खिडकी दोन्ही उघड्या हव्यात. याबाबतीत घाई करणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो, कितीही थंडी असली तरी.

मे महिन्यात

उन्हाळ्यात प्रश्न पाण्यापेक्षा पावडर आणि दुधाचा असतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बंद गाडीच्या आत किती तापतं ते दार उघडणाऱ्यालाच कळतं. दळलेली कॉफी तिथे दोन दिवसांत आपला सुगंध गमावते. शेगडीच्या वरच्या फळीवर आणि पुढच्या काचेजवळ डबा ठेवू नका. आम्ही शंभर-शंभर ग्रॅमच्या हवाबंद पुड्या फ्रिजमध्ये ठेवतो आणि एका वेळी एकच काढतो. काढलेली पुडी बाहेरच्या हवेइतकी गरम झाल्यावरच फोडायची, नाहीतर आत दव धरतं. फोडलेली पुन्हा फ्रिजमध्ये जात नाही.

दूध कॉफीत फाटलं तर कॉफीला दोष देण्याआधी दूध किती वेळ बाहेर होतं ते आठवा. जरासं आंबायला लागलेलं दूध नुसतं पिताना कळत नाही, पण गरम आणि आम्लयुक्त कॉफीत लगेच दाणे धरतं. सकाळी घेतलेलं दूध सकाळीच उकळा, निववून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात म्हशीचं ताजं दूध मळ्यावरच मिळतं, त्याची कॉफी इतकी दाट होते की पावडर थोडी वाढवावी लागते. जिथे भरवसा नाही तिथे टेट्रा पॅक बरा.

मे महिन्यात आमचं डिकॉक्शन पहाटे पाचला होतं, ऊन चढायच्या आत. काचेच्या बाटलीत गाळून, निववून फ्रिजमध्ये ठेवतो. मागच्या उन्हाळ्यात पालच्या जंगलाकडे जाताना दुपारी चारला सावली बघून गाडी थांबवली, बाटली काढली, थंड दूध घातलं. पाणी त्या पाच लिटरच्या जारमधलं होतं, चोपड्याला भरलेलं, तीनास एक मिसळून. बायकोने कप रिकामा करून पुढे केला आणि विचारलं, बाटलीत अजून आहे का.